घोड्याच्या केसापासून तंगुसापर्यंत

दोरीवरील तरंग शिकवताना आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर एकच चित्र काढत आलो. डावीकडे जाड दोरी, उजवीकडे तिला जोडलेली बारीक दोरी, आणि जाड दोरीवरून पुढे सरकणारा एक उंचवटा. सांध्यापाशी त्याचे दोन भाग होतात. एक पुढे जातो, दुसरा मागे परततो. एकदा एका विद्यार्थ्याने विचारले, "पण सर, जाड दोरीला बारीक दोरी जोडतं कोण?" वर्ग हसला, आम्हीही हसून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र डोक्यात राहिला. पाठ्यपुस्तकातली ही दोरी प्रत्यक्षात कोणी वापरते का? आणि वापरत असेल, तर सांध्यावरून मागे फिरणाऱ्या ऊर्जेचे तो काय करतो?

उत्तर मिळाले ते गळाने ट्राउट मासे धरणाऱ्यांकडे. त्यांनी ही दोरी तर जोडलीच होती, पण सांध्यावरचे नुकसान कसे टाळायचे हेही दोरीच्या तरंगांचे समीकरण मांडले जाण्यापूर्वी शोधून काढले होते. त्या दोरीची ही गोष्ट आहे.

वजन नसलेली माशी

नेहमीच्या गळाला आमिष असते, शिसे असते. काठी झटकली की ते वजन पुढे धावते आणि दोरी त्याच्यामागे ओढली जाते. दगडाला सुतळी बांधून फेकावा तसा हा प्रकार. ट्राउट मासा मात्र पाण्यावर उतरणारे बारीक कीटक खातो. त्याला फसवायचे तर गळावर पिसे आणि लोकर गुंडाळून कीटकाची नक्कल करावी लागते. इसवी सनाच्या सुमारे दोनशेव्या वर्षी ईलियन या रोमन लेखकाने मॅसिडोनियातील नदीवर गळाला तांबडी लोकर आणि कोंबड्याची पिसे बांधून मासे धरणाऱ्यांचे वर्णन केले आहे. आज या पद्धतीला 'फ्लाय फिशिंग' म्हणतात. (आपल्याकडे ट्राउट आढळतो तो काश्मीर, हिमाचल, निलगिरी, मुन्नार अशा थंड पाण्याच्या ठिकाणी, आणि तोही इंग्रजी अमदानीत बाहेरून आणून सोडलेला.)

या माशीला वजन जवळजवळ नसतेच. मग ती दूर जाणार कशी? येथे गोष्ट उलटी होते. वजन माशीत नसून दोरात असते. काठी मागे-पुढे झुलवली की जाड दोराचे एक लांबट वेटोळे हवेतून उलगडत पुढे जाते आणि शेवटी माशीला नेऊन ठेवते. पण जाड दोर थेट माशीला बांधला तर तो पाण्यावर थापकन आपटेल आणि मासा पळून जाईल. शिवाय तो माशाला दिसेल ते वेगळेच. म्हणून दोर आणि माशी यांच्यामध्ये एक बारीक, शक्यतो न दिसणारा धागा हवा. यालाच 'लीडर' म्हणतात. दोराकडचा त्याचा जाड भाग हा बुंधा, आणि माशीकडचे बारीक टोक म्हणजे 'टिपेट'.

लीडर सरसकट बारीक घेतला तर दोराची गती सांध्यावरच थबकते आणि बारीक धागा गोळा होऊन पडतो. सरसकट जाड घेतला तर पुन्हा थापकन आवाज. म्हणून तो बुंध्याकडून टोकाकडे निमुळता होत गेला पाहिजे. ही युक्ती आपल्याला परकी नाही. बैलगाडीवाल्याचा किंवा पोतराजाचा आसूड पाहा. मुठीशी जाड आणि टोकाशी सुतासारखा. हाताची मर्यादित गती कमी-कमी होत जाणाऱ्या वस्तुमानाकडे सोपवली जाते आणि टोकाचा वेग वाढत जातो. आसूड कडाडतो तेव्हा हा वेग ध्वनीच्या वेगाहून अधिक असतो, असे १९५८ साली अमेरिकेत अतिजलद छायाचित्रे घेऊन दाखवण्यात आले. २००२ साली अ‍ॅलन गोरिएली आणि टायलर मॅकमिलन यांनी त्यामागचे गणित सविस्तर मांडले, आणि निमुळतेपणाने वेग कसा वाढतो हेही त्यात आले.

केसांचा हिशेब

इंग्लंडमध्ये १४९६ साली छापलेल्या गळमासेमारीवरील एका पुस्तिकेत दोर घोड्याच्या शेपटीच्या केसांचा करावा असे सांगितले आहे. कोणत्या माशाला किती केस, याचा हिशेबही तिथे आहे. अगदी चिमुकल्या माशाला एक केस, ट्राउटला नऊ, मोठ्या ट्राउटला बारा, सामनला पंधरा. हा हिशेब केवळ ताकदीचा आहे. मासा मोठा, तर दोर मजबूत.

पुढे आयझॅक वॉल्टन यांचे 'द कम्प्लीट अँग्लर' हे प्रसिद्ध पुस्तक १६५३ साली निघाले. १६७६ च्या आवृत्तीत त्यांचे तरुण मित्र चार्ल्स कॉटन यांनी माशीच्या मासेमारीवर दुसरा भाग जोडला. कॉटन डव्ह नदीकाठी राहत. त्यांनी दिलेली कृती थोडक्यात अशी: गळाजवळचे दोन तुकडे दोन-दोन केसांचे, त्यावरचे तीन तुकडे तीन-तीन केसांचे, त्यावरचे तीन चार-चार केसांचे, आणि असेच पाच, सहा, सात करत काठीपर्यंत जावे. कारणही ते देतात. असे केले की हातापासून गळापर्यंत सगळेच निमुळते होते, आणि दोर अधिक सरळ पडतो.

आता फळ्यावरच्या चित्राकडे परत येऊ. ताण सारखा असेल तर दोरीचा तरंगाला होणारा विरोध तिच्या दर मीटर वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. सांध्याच्या दोन बाजूंच्या विरोधांचे गुणोत्तर 'क' असेल, तर पुढे जाणाऱ्या ऊर्जेचा अंश ४क ÷ (१ + क)² इतका येतो. कॉटन यांच्या दोरात वस्तुमान म्हणजे केसांची संख्या. समजा, सात केसांच्या दोराला एकदम दोन केसांचा तुकडा जोडला. क = √(७÷२), म्हणजे सुमारे १.८७. पुढे जाणारी ऊर्जा सुमारे ९१ टक्के. आता कॉटन यांच्या पायऱ्या घ्या: सातावरून सहा, सहावरून पाच, आणि शेवटी तिनावरून दोन. प्रत्येक सांध्याचा अंश काढून पाचांचा गुणाकार केला की उत्तर सुमारे ९८ टक्के येते. नऊ टक्क्यांचे नुकसान दोन टक्क्यांवर आले.

आजच्या लीडरमध्ये हा फरक आणखी ठळक दिसतो. बुंधा ०.६ मिलिमीटर आणि टोक ०.१५ मिलिमीटर धरू. पदार्थ तोच असल्याने वस्तुमान व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे विरोध थेट व्यासाच्या प्रमाणात. क = ४. एकाच सांध्यात ६४ टक्के ऊर्जा पुढे जाते. तेच अंतर दोन समान पायऱ्यांत तोडले तर ७९, चारांत तोडले तर ८९ आणि आठांत तोडले तर ९४ टक्के. हे गणित ढोबळ आहे, हे सांगितले पाहिजे. खऱ्या फेकीत ताणलेल्या दोरीवरचा उंचवटा नसून उलगडणारे वेटोळे असते, हवेचा अडथळा असतो, आणि सांध्यांवरून परतलेले तरंग एकमेकांत मिसळतात. पण दिशा तीच राहते. बदल जितका हळूहळू, तितके परतणे कमी.

कॉटन यांच्यापुढे यातले काहीच नव्हते. न्यूटनचा 'प्रिन्सिपिया' १६८७ साली प्रसिद्ध झाला. ताणलेल्या तारेच्या कंपनांचे समीकरण दालांबेर यांनी १७४७ साली मांडले. म्हणजे कॉटन यांच्या कृतीनंतर ७१ वर्षांनी. नदीकाठी हजारदा दोर फेकून, कोणता सरळ पडतो आणि कोणता गोळा होतो हे पाहून, कारागिरांच्या हातांनी हे उत्तर काढले होते.

किड्याच्या पोटातला धागा

केसांच्या पिळाला मर्यादा होत्या. तो जाड होता, आणि पाण्यात दिसत असे. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये एक नवा धागा वापरात येऊ लागला. त्याचे नाव 'गट'. हा रेशमाच्या किड्यापासून मिळे, पण कोशापासून नव्हे. कोश विणण्याच्या बेताला आलेली अळी व्हिनेगरमध्ये बुडवत. मग तिचे पोट उघडून आतल्या दोन रेशीमग्रंथी काढत आणि प्रत्येक ग्रंथी दोन्ही हातांनी ओढून तिचा एक जाड, पारदर्शक धागा करत. ग्रंथीतले रेशीम हे प्रथिनाचे दाट द्रावण असते. आम्लाने ते घट्ट होते, आणि ओढले की त्याचे रेणू एका दिशेत रांगेला लागून कडक धागा तयार होतो. अळी स्वतः सूत काढते तेव्हाही ओढ हेच काम करते. फरक इतकाच, की अळी जवळपास किलोमीटरभर लांबीचा तलम तंतू काढते, आणि माणूस तिच्याकडून हातभर लांबीचे दोन जाड धागे घेई. स्पेनमधील मुर्सिया हे या धंद्याचे मोठे केंद्र होते.

गटचा तुकडा साधारण ३० ते ५० सेंटिमीटरचा. लीडर त्याहून कितीतरी लांब हवा. तेव्हा जाड, मध्यम, बारीक असे तुकडे गाठींनी जोडावे लागत. कॉटन यांची पायरी पायरीची रचना आपोआपच चालू राहिली. अगदी बारीक तुकडे हवे असतील तर सोनार जशी तार ओढतो, तसा गट पोलादी पट्टीतल्या भोकातून ओढत. मात्र सोन्याची तार लांबते. गटची नुसती बाहेरची साल तासली जाई. त्यामुळे असा धागा लवकर विसविशीत होई. किती वेळा ओढला त्यावरून त्याला १ एक्स, २ एक्स अशी नावे पडली, असे सांगतात. आज ओढण्याची पट्टी गेली आहे, पण आकडे राहिले आहेत. ११ मधून एक्सचा आकडा वजा केला की इंचाच्या हजाराव्या भागात जाडी मिळते. ५ एक्स म्हणजे ६ हजारांश इंच, म्हणजेच सुमारे ०.१५ मिलिमीटर. आकडा वाढला की धागा बारीक होतो, याचे कारण या इतिहासात आहे.

प्रयोगशाळेतले रेशीम

२८ फेब्रुवारी १९३५ रोजी अमेरिकेतील विल्मिंग्टन येथे, द्यू पाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस करोदर्स यांच्या गटाने नायलॉन ६,६ तयार केले. रेशमासारखा धागा माणसाला बनवता येईल का, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. एप्रिल १९३७ मध्ये करोदर्स यांचे निधन झाले. नायलॉनची जाहीर घोषणा ऑक्टोबर १९३८ मध्ये झाली. ती ऐकायला ते नव्हते. नायलॉनचे पहिले रूप दात घासायच्या ब्रशातल्या केसांचे होते. त्यानंतर मोजे, आणि मग युद्धात पॅराशूट. माशाच्या दोराला तर ते जणू मुद्दाम केलेले होते. कितीही लांब, एकसारखे आणि पारदर्शक. युद्धानंतरच्या काही दशकांत मुर्सियाचा गटचा धंदा बसला. आपल्या बाजारात ज्याला 'तंगूस' म्हणतात, तो हाच एकपदरी नायलॉनचा धागा.

आरंभी नायलॉनचे तुकडेही गाठींनीच जोडत. पॅरिसचे हॉटेलमालक आणि नामांकित मासेमार चार्ल्स रिट्झ यांच्या नावाने त्यासाठी एक प्रमाण प्रसिद्ध आहे. लांबीच्या ६० टक्के जाड बुंधा, २० टक्के झपाट्याने निमुळता होणारा मधला भाग आणि २० टक्के टिपेट. पुढे कारखान्यातच बिनगाठीचा निमुळता लीडर निघू लागला. वितळलेले नायलॉन भोकातून बाहेर येत असताना ते ओढण्याचा वेग कमी-जास्त केला की जाडी बदलते. हळू ओढले तर जाड, जोरात ओढले तर बारीक. पाकाची तार बोटांनी ओढून पाहणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको.

लीडरची निवडही याच तत्त्वावर होते. गळाचा क्रमांक जितका मोठा, तितका गळ लहान. त्या क्रमांकाला तीनाने भागले की टिपेटचा एक्स अंदाजे मिळतो. १४ क्रमांकाच्या गळाला ५ एक्स, १८ क्रमांकाला ६ एक्स. सर्वसाधारण लांबी ९ फूट. झाडीतल्या अरुंद ओढ्यावर साडेसात. स्वच्छ, संथ पाण्यावर १२ फूट किंवा अधिक. वारा असेल किंवा माशी जड असेल तर आखूड. जड माशी आणि फार बारीक टोक यांचे जमत नाही, कारण टोकाशी पोहोचलेली थोडीशी गती माशीला उलटवण्यास पुरत नाही.

सुंभ जळला तरी

कारखान्यातून आलेला लीडर पाकिटात गुंडाळलेला असतो. बाहेर काढला की तो घड्याळाच्या कमानीसारखा वेटोळी धरून बसतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसाच हा प्रकार. असा लीडर पाण्यावर सरळ पडत नाही, आणि माशाने माशी तोंडात घेतली तरी आधी वेटोळी उलगडतात, मग कुठे हाताला ओढ कळते. तेवढ्यात माशाने ती थुंकलेली असते.

गटच्या काळात यावर उपाय होता पाणी. कोरडा गट ठिसूळ आणि वाकडा. म्हणून मासेमार तो ओल्या फेल्टच्या डबीत ठेवत आणि भिजून मऊ झाला की सरळ करत. नायलॉनच्या काळात उपाय झाला हात. लीडर चिमटीत धरून बुंध्याकडून टोकाकडे सावकाश ओढायचा, घर्षणाने तो कोमट होतो; मग दोन्ही टोके धरून काही क्षण ताणून ठेवायचा. घाई करून जोरात घासला तर बारीक टोक तापून कमजोर होते.

एकाला पाणी, दुसऱ्याला उष्णता. उपाय वेगळे दिसतात, पण रोग एकच आहे. घोड्याचा केस म्हणजे केराटिन, गट म्हणजे फायब्रोइन, दोन्ही प्रथिने. प्रथिनातील दुवे जोडणारा बंध आणि नायलॉनमधील बंध एकाच जातीचे, म्हणजे अमाइड बंध आहेत. करोदर्स यांनी रेशमाची नक्कल केली ती इथे. या बंधांतील हायड्रोजन शेजारच्या साखळीतील ऑक्सिजनशी हलकी पकड घेतो. धागा गुंडाळून ठेवला की हळूहळू काही पकडी सुटतात आणि वाकलेल्या स्थितीत नव्याने जुळतात. वळण लागते ते असे. वळण मोडायचे तर या पकडी पुन्हा सोडवायच्या. पाण्याचे रेणू त्यांच्यामध्ये शिरून त्या सोडवतात. उष्णता साखळ्यांना हलवून सोडवते. कोरडे नायलॉन साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते, आणि ओले झाले की हे तापमान बरेच खाली येते. रात्री ओल्या केसांची वेणी घालून सकाळी सोडली की केसांना लाटा पडतात आणि न्हायल्यावर जातात, हे घरोघरी ठाऊक आहे. पदार्थ तीन, काळ तीन, पण पकड एकच. १९७० नंतर आलेला फ्लुओरोकार्बनचा धागा या कुळातला नाही. तो पाणी शोषत नाही, म्हणून त्याला भिजवून उपयोग नाही. ताणच द्यावा लागतो.

वर्गात

तंगुसाचे रीळ कोणत्याही बाजारात मिळते. त्याचे ३० सेंटिमीटरचे तीन तुकडे कापावेत. एक कोरडा ठेवावा. दुसरा रात्रभर साध्या पाण्यात ठेवावा. तिसरा शिक्षकांनी स्वतः मिनिटभर कढत पाण्यात धरावा. मग तिन्हींना सारखे छोटे वजन टांगून निवू आणि वाळू द्यावे. वजन काढून प्रत्येकाच्या दोन टोकांतले सरळ अंतर मोजावे. तीन आकड्यांतून वर्गाला हायड्रोजन बंध दिसतील. नंतर चऱ्हाट, सुतळी आणि दोरा एकापुढे एक बांधून जमिनीवर झटका द्यावा, आणि मधली सुतळी काढून पुन्हा द्यावा. फळ्यावरचे चित्र हातात येते.

कापलेले तुकडे मात्र मोजून परत घ्यावेत आणि कचऱ्यात नीट टाकावेत. घोड्याचा केस आणि गट नदीत पडले तर कुजून जात. नायलॉन कुजत नाही म्हणून तर आपण ते निवडले. तोच गुण नदीकाठी पक्ष्यांच्या पायांत अडकतो. गटच्या धाग्यासाठी अळीचा जीव जाई, तो हिशेब डोळ्यांपुढे होता. नायलॉनचा हिशेब उशिरा कळतो, आणि तोही दुसऱ्याच्या पायात.

त्या विद्यार्थ्याला आता उत्तर देता येईल. जाड दोरीला बारीक दोरी जोडणारे लोक होते, आणि त्यांनी ती एकदम जोडली नाही. आम्ही फळ्यावर एकच सांधा काढत राहिलो. कॉटन यांनी तिथे पाच काढले असते. पुढच्या वर्षी चित्र काढताना आम्ही दोन दोऱ्यांच्या मध्ये आणखी काही दोऱ्या काढणार आहोत, आणि किती काढाव्यात हे वर्गालाच विचारणार आहोत.